पडद्याच्या मागल्या अंगाला

माझ्या आईने जन्मात जेवढे सिनेमे पाहिले, त्यांतले झाडून सगळे नायक डावखुरे होते. तलवार डाव्या हातात, बंदूक डाव्या हातात, नायिकेचे डोळे पुसायचे तेही डाव्याच हाताने. आईला त्यात काही वावगं वाटत नसे. सिनेमातली माणसं तशीच असतात, असा तिचा पक्का समज होता.

त्याला कारण होती शहापूरच्या बाजारातली पत्र्याची टॉकीज. तिचा मालक, त्याला सगळं गाव शेठ म्हणायचं, आधी तंबू घेऊन जत्राजत्रांतून फिरायचा. म्हशाच्या जत्रेत, मुरबाडच्या बाजारात, जिथे माणूस जमेल तिथे. मग पन्नास सालाच्या आसपास कधीतरी फिरायला कंटाळला आणि शहापुरात त्याने पत्र्याची शेड ठोकली. तंबू गेला, पण तंबूची पद्धत त्याने तशीच ठेवली. शेडच्या मधोमध पांढऱ्या कापडाचा पडदा. पडद्याच्या पुढल्या अंगाला पुरुष आणि सिनेमाचं मशीन, मागल्या अंगाला बायका आणि पोरं. कापडातून आरपार जे दिसेल ते बायकांनी बघायचं. नीट दिसावं म्हणून खेळाआधी एक माणूस बादलीतलं पाणी तांब्याने पडद्यावर मारायचा. उन्हाळ्यात आम्ही मुद्दाम पडद्याला चिकटून बसायचो, अंगावर चार थेंब पडले तरी बरं वाटायचं.

मागून बघायचं म्हणजे सगळं उलटं दिसायचं. उजवं ते डावं, डावं ते उजवं. आता कुणाला सांगितलं तर हळहळतात, अरेरे, बायकांवर केवढा अन्याय! असेल बाई अन्याय. पण आमच्या त्या मागल्या अंगाला जी मजा होती ती पुढे बाकावर बसून विड्या फुंकणाऱ्यांना काय कळणार? बायका गोणपाटावर पाय पसरून बसायच्या, डोक्यावरचा पदर खाली घ्यायच्या, पोरांना पाजायच्या, सुपारी कातरायच्या आणि नायिकेची सासू आली की तिला मोकळेपणी शिव्या द्यायच्या. आमचं घर गावाच्या कडेला, भातशेतीचं. वर्षभर राबणारी माझी आई त्या दोन-अडीच तासांत जेवढी हसायची तेवढी घरी कधी हसलेली मी पाहिली नाही. शाळेत घातल्यापासून माझी तिथे एक नेमणूकच झाली होती. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर काचेच्या पाट्या दाखवत. ‘शांतता राखा’, ‘विडी ओढू नये’, मग साबणाची जाहिरात, चहाची जाहिरात, आणि खेळाच्या मध्यावर ‘मध्यंतर’. त्या मी मोठ्याने वाचायच्या. पहिल्यांदा उलटी अक्षरं बघून मी गांगरले, पण चार-सहा खेळांत सवय झाली. मी एकेक शब्द वाचायची आणि सगळ्या बायका माझ्यामागून म्हणायच्या. आई मात्र म्हणायची नाही. ती नुसती बघत बसायची.

घरी मी पाटीवर गृहपाठ करत असले की ती मागून डोकावायची आणि म्हणायची, “पोरी, तुझं समदं उलटं चाललंय गो.” मला वाटायचं चेष्टा करते. मी म्हणायची, तुला काय कळतं त्यातलं? आणि ती गप्प बसायची. आज हे लिहिताना माझं मलाच दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

बाबा पुढल्या अंगाला बसायचे. मारामारीच्या सिनेमाला पहिल्या बाकावर बसून शिट्टी मारणाऱ्यांत त्यांचा पहिला नंबर. शिट्टी कुणाची हे पडद्यामागून आई बरोबर ओळखायची आणि शेजारणीला कोपर मारायची. घरी दोघांचं बोलणं कामापुरतं. बाबा आईला ‘अगं ए’ म्हणायचे, आई त्यांना ‘अवो’. नवऱ्याने बायकोचं आणि बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे आईला स्वतःचं एक तीन अक्षरी नाव आहे हे मला आजोळी गेल्यावरच आठवायचं. शहापुरात तिला त्या नावाने हाक मारणारं कुणीच नव्हतं.

मग टॉकीजला उतरती कळा लागली. एस.टी. वाढल्या. लोक सकाळी कल्याणला जाऊन नवाकोरा सिनेमा बघून संध्याकाळी घरी यायला लागले. आमच्याकडे सिनेमाची पेटी आसनगाव स्टेशनावर उतरायची आणि बैलगाडीतून यायची, तीही साऱ्या मुलखाची धूळ खाऊन. रिळं इतकी झिजलेली की ऐन उन्हाळ्यातल्या प्रसंगात पाऊस पडतोय असं वाटायचं. एकदा तर रिळं मागेपुढे लागली, नायिका आधी मेली आणि मध्यंतरानंतर तिचं लग्न झालं. बायकांना त्याचंही काही वाटलं नाही, लग्न चांगलं झालं म्हणाल्या. पण पुरुष उठून गेले. पुढे वाऱ्याने बायकांच्या बाजूचे चार पत्रे उडवले ते शेठने बसवलेच नाहीत. पत्रे नाहीत म्हणजे बायका नाहीत, आणि बायका नाहीत म्हणजे टॉकीज कशावर चालणार? दारावर कुलूप पडलं. पायऱ्यांवर शेळ्या बसायला लागल्या. भाताच्या गिरणीवाल्याने पोती ठेवायला ती जागा मागितली, आणि शेठ जवळजवळ तयार झाला.

त्याच वर्षी मी सातवी पास झाले.

सातवीपुढे काय, हा प्रश्न आमच्या घरात नव्हताच. हायस्कूल होतं, पण तिथे आठवीत मुलगे खच्चून भरलेले. मुलांच्या मांडीला मांडी लावून पोरगी बसवायला कुठला बाप तयार होणार? टोकावड्याच्या बाजूचं एक स्थळ आलं होतं. मुलगा निर्व्यसनी, भाताची जमीन बरी. दिवाळीनंतर उरकून टाकू, असं बाबा म्हणत होते. मी तेरा वर्षांची. मला त्या मुलाबद्दल काही राग नव्हता, बिचाऱ्याला मी पाहिलंही नव्हतं. पण पुस्तकं दुसऱ्या कुणाला देऊन टाक म्हटल्यावर मी ती धान्याच्या कणगीमागे लपवली होती.

आणि हायस्कूलच्या हेडमास्तरांच्या डोक्यात आलं की मुलींसाठी आठवीचा वेगळा वर्ग काढायचा. जागा कुठे? तर टॉकीज. ते शेठकडे गेले. शेठ तिरसट, पण सरळ माणूस. म्हणाला, “मास्तर, पोती निदान जागा तरी भरतात. पंधरा मुली आणा आणि किल्ली घेऊन जा. शनिवारपर्यंत थांबतो, मग गिरणीवाल्याला हो सांगणार.” हेडमास्तर सायकल घेऊन दारोदार फिरले. अकरा मुलींचे बाप कसेबसे तयार झाले. माझा बाप बारावा व्हायचा होता.

बाबा कडाडले. “थेटरात? माझी पोरगी थेटरात बसनार? लोक तोंडात शेन घालतील माझ्या!” हे कोण म्हणतंय, तर त्याच थेटरात पहिल्या बाकावर बसून शिट्ट्या मारणारा माणूस! हेडमास्तर म्हणाले, अहो, आता तिथे सिनेमा नाही, शाळा असेल. बाबा म्हणाले, भिंती त्याच हायत ना? पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. हेडमास्तरांनी सायकल वळवली. मी परसात जाऊन रडले. आई भांडी घासत होती, तिने मान वर केली नाही. मला तिचा इतका संताप आला की त्या दिवशी मी तिच्या हातचं जेवलेच नाही.

शुक्रवारी बाबा गाडी जोडून डोळखांबला गेले. ते रस्त्याच्या वळणाला दिसेनासे झाले तशी आईने लुगडं बदललं, माझं मनगट धरलं आणि निघाली. कुठे, काय, काही सांगितलं नाही. बाजारात टॉकीजच्या बंद दारापुढे चहावाल्याकडून मागून आणलेलं टेबल टाकून हेडमास्तर बसले होते. टेबलावर फॉर्म, टाक, दौत आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड. आई पुढे झाली. “हिचं नाव घाला,” म्हणाली. हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले, मी जमिनीकडे. त्यांनी फॉर्म भरला आणि पालकाच्या सहीच्या जागी बोट ठेवून पॅड पुढे सरकवला.

“आंगठा नको,” आई म्हणाली. “मी सही करनार.”

मला वाटलं हिला वेड लागलं. आमच्या घरात आईच्या हाताला कधी पेन्सिल लागलेली मी पाहिली नव्हती. तिने टाक घेतला, भाकरी थापताना बसते तशी नीट बसली आणि कागदाच्या उजव्या कडेपासून सुरुवात केली. हळूहळू, डावीकडे सरकत. कपाळावर घाम. झाल्यावर तिने टाक ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. मी वाकून पाहिलं तर काही लागेना. वेड्यावाकड्या रेघा. शरमेने माझे कान तापले. चहावाला बघतोय, येणारे-जाणारे बघतायत. मी पुटपुटले, “आई, काय केलंस हे!”

हेडमास्तर कागदावर वाकले. मग त्यांनी तो उचलला, पालथा केला, उन्हाकडे धरला आणि मागून वाचला. आईचं नाव. तीनही अक्षरं, काना-मात्रेसकट, बिनचूक.

मला तेव्हा एकदम सगळं उमजलं. माझी पाटी तिला उलटी का दिसायची ते, आणि मी पाट्या वाचत असताना ती गप्प का असायची तेही. तिने एक अक्षर ‘शांतता राखा’तून उचललं होतं, एक साबणातून, एक चहातून, आणि आपलं नाव जुळवून कुठेतरी, बहुधा चुलीपुढच्या राखेत, गिरवून गिरवून पक्कं केलं होतं. मी शिकवलेलं. पण पडद्याच्या मागून.

हेडमास्तरांनी विचारलं, “बाई, हे कुठे शिकलात?”

आईने कुलूप घातलेल्या दाराकडे बोट केलं. “हितंच. मागल्या अंगाला.” मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिला शंका आली. “का वो? चुकलं काय? उलटं हाय?”

तिचा चेहरा एवढासा झाला. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. हेडमास्तरांनी दुसरा फॉर्म काढला असता, ‘अंगठाच बरा’ म्हणाले असते, नुसते हसले असते तरी माझी आई त्या दिवसानंतर कधी टाकाला शिवली नसती. ते म्हणाले, “नाही बाई. तुम्ही जिथे बसायचात तिथून सुलटच आहे.” आणि सहीवर टीपकागद दाबला.

मग त्यांनी पूर्ण नाव पाहिजे म्हणून मालकांचं नाव विचारलं, तर आईने पदर तोंडाला लावला. “इश्श, त्ये मी कसं घेऊ?” नवऱ्याच्या परवानगीविना एवढी मोठी गोष्ट करून आलेली बाई नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत होती! शेवटी बाबांचं नाव मी सांगितलं आणि हेडमास्तरांनी पेन्सिलीने बाजूला लिहून घेतलं.

बाजारात घडलेली गोष्ट विहिरीवर पोचायला कितीसा वेळ लागतो? दुपारपर्यंत साऱ्या बायकांत झालं, अमक्याची बायको लिहिते, टॉकीजमध्ये शिकली म्हणे. शनिवारी सकाळी आमच्या मागल्या अंगाच्या चार बायका आपापल्या पोरींची मनगटं धरून टेबलापुढे हजर. तिघींनी अंगठे उठवले. चौथी म्हणाली, मला एकच अक्षर येतं, चालेल काय? हेडमास्तर म्हणाले, काढा. तिने ‘श’ काढला, उलटा. तिच्या नावात ‘श’ नव्हताच, पण हेडमास्तरांनी तो तसाच ठेवला आणि खाली अंगठा घेतला. सोळा झाल्या. शेठने किल्ली आणून टेबलावर ठेवली आणि गिरणीवाल्याला नाही सांगायला स्वतः गेला.

बाबा परत आले ते गावच्या वेशीवरच सगळं ऐकून. घरात आले, पाणी प्यायले नाहीत, ताट सरकवून दिलं. आईशी आठ दिवस बोलले नाहीत. आई मला हळूच म्हणाली, “एरवी तरी कुठं बोलतात?” आणि आम्ही दोघी तोंडावर पदर-परकर दाबून हसलो. नवव्या दिवशी बाजारात शेठने त्यांना हाक मारून सांगितलं की तुझ्या घरच्या बाईमुळे माझं कुलूप निघालं. बाबा घरी येऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, “एक वरीस. मग बघू.” पुढे अकरावीपर्यंत दर जूनमध्ये त्यांनी हेच वाक्य जसंच्या तसं म्हटलं. टोकावड्याच्या मुलाला दुसरी मुलगी मिळाली, त्याचंही भलं झालं.

शाळेचा पहिला दिवस सांगितलाच पाहिजे. आम्ही सोळा जणी नव्या वह्या घेऊन गेलो त्या सवयीने बायकांच्या दाराने, आणि मागल्या अंगाला जमिनीवर जाऊन बसलो, पडद्याकडे तोंड करून. कापड अजून तसंच टांगलेलं होतं. हेडमास्तर पुढल्या दाराने आले. त्यांनी पुढच्या भिंतीवर काळा रंग देऊन फळा केला होता, बाकं पुसून ठेवली होती. बघतात तर वर्ग रिकामा. मग पडद्यामागून आमची खुसखुस त्यांना ऐकू आली. “अगं, तिकडे काय करताय?” एक जण म्हणाली, “सर, आमी हितंच बसतो.” त्यांनी दोरी सोडली. एवढा मोठा पडदा धबकन खाली आला, धुळीचा लोट उठला, आम्ही खोकलो, आणि धूळ बसल्यावर बघतो तर समोर सर, बाकं आणि फळा. टॉकीजची पुढची बाजू मी पहिल्यांदा पाहत होते. तशी काही खास नव्हती. बाकांखाली विड्यांची थोटकं पडली होती, ती आधी आम्हाला झाडावी लागली.

त्या पडद्याच्या कापडाची फळा पुसायची फडकी झाली, ती कित्येक वर्षं पुरली. मशीनची खोली हेडमास्तरांची झाली आणि तिकिटाच्या खिडकीतून शिपाई आम्हाला उशीर झाल्याबद्दल दम द्यायला लागला. उडालेले पत्रे शेठने आपणहून बसवून दिले. गावाची करमणुकीची जागा गेली म्हणून हळहळणारे पुष्कळ होते, आणि त्यांचं चुकत होतं असं नाही. पण मला विचाराल तर मी त्या पत्र्याच्या शेडपुढे दोनदा हात जोडीन. एकदा ती चालली म्हणून, आणि एकदा ती बंद पडली म्हणून. आज माझ्या अंगी जे काही आहे, ते तिथलंच आहे. शेठचे उपकार, हेडमास्तरांचे उपकार, आणि आईचे, ते तर मी मोजायलाही बसत नाही.

अकरावी झाली, ट्रेनिंग झालं, आणि मी त्याच शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले. आईला सुलटी अक्षरं शिकवायला घेतली. ती कुरकुरायची, शिकलेलं विसरायला लावतेस म्हणायची, पण शिकली. पुढे हेडमास्तर शहापूर सोडून गावी जायला निघाले. कपाटं आवरताना त्यांनी एक पिवळा पडलेला कागद माझ्या हातात ठेवला. म्हणाले, दफ्तरात ठेवण्यापेक्षा तुमच्या घरी बरा.

दुपारची शाळा सुटल्यावर मी तो घरी नेला. आईने पाहिला आणि खो खो हसली. “बघ, कशी येड्यावानी उलटी लिवलीय!” ती हसतच आत चहा टाकायला गेली. बाबा पडवीत दावं वळत बसले होते. “काय हाय ते? दाव,” म्हणाले. कागद हातात घेतला, उभा धरला, आडवा धरला. बाबा चौथी शिकलेले, पण त्यांना काही लागेना. मी म्हटलं, “बाबा, उजेडाकडे धरा. मागून बघा.”

ते उठले, अंगणात उतरले. कागद पालथा करून उन्हाकडे धरला. ओठ हलले. पहिलं अक्षर. दुसरं. तिसरं. मग त्यांनी तिन्ही जोडून आईचं नाव मोठ्याने वाचलं.

आतून भांड्याचा आवाज थांबला. आणि इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने हाक ऐकू आलेली माझी आई चुलीपासून म्हणाली, “ओ.”